चिटणीस आणि उत्तर दरवाजा

सौसरच्या तहसील कचेरीबाहेर टिनाच्या शेडखाली चार अर्जनवीस बसत. त्यांतले सर्वांत कोपऱ्यातले सोमकुवरजी. खुर्ची अशी ठेवलेली की पाठ भिंतीला लागेल, रस्त्याकडे कधी होणार नाही. अर्ज लिहिताना डावा तळहात कागदावर आडवा धरायचे, शेजारच्या टेबलावरून ओळ दिसू नये म्हणून. आता त्या कागदावर असायचं तरी काय? कोणाचं जमिनीच्या खसऱ्यात नाव चुकलेलं, कोणाचा हँडपंप बंद पडलेला. पण हात तसाच आडवा.

मी तेव्हा पांढुर्ण्याच्या एका सरकारी शाळेत शिकवत होते. माझ्या सेवापुस्तिकेत माझ्या नावाची वेलांटी चुकली होती आणि त्या वेलांटीपायी मला सौसरला तीन खेपा घालाव्या लागल्या. पहिल्या खेपेला मी टेबलासमोर उभी राहिले तर त्यांनी चष्म्याच्या वरून पाहिलं.

"कोनी पाठवलं?"

"कोणी नाही. मीच आले."

"चार टेबलं हायेत इथं. याच टेबलावर कायले आल्या?"

"तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणतात."

"कोन म्हनते?"

हा त्यांचा आवडता प्रश्न होता. आज ऊन फार आहे म्हटलं तरी "कोन म्हनते?" विचारतील असा माणूस. मला रागच आला होता, पण अर्ज त्यांनी असा लिहिला की वाचताना माझीच वेलांटी चुकल्याबद्दल मला गहिवरून आलं. गावातली माणसं आपल्या बोलीत सांगत आणि सोमकुवरजी मान वर न करता ते सरळ हिंदीत उतरवत, कारण इथली कचेरी हिंदीत चाले. मध्ये थांबणं नाही, खोडणं नाही. गेली पस्तीस वर्षं ते हेच करत होते.

टेबलावर त्यांचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत, पालथा पडलेला असायचा. दुसऱ्या खेपेला तो चुकून उताणा राहिला आणि मला त्यात एक डोंगर, त्यावर गड आणि खाली तंबूंच्या रांगा दिसल्या. त्यांनी झटकन फोन पालथा केला. माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच काही चोरलं. तिसऱ्या खेपेला मात्र त्यांनी आपण होऊन विचारलं, "मॅडम, तुमाले पत्र पोचवता येते का?"

रामाकोन्याला अंगणवाडीत कुंदाबाई घागरे म्हणून आहेत, त्यांच्या हातात द्यायचं, वाटेत वाचायचं नाही. घडी घातलेला कागद, वर पिन. का कोण जाणे, मी हो म्हटलं. आणि का ते मला ठाऊक आहे, बसमध्ये बसल्याबरोबर मी पिन काढली. आत एकच ओळ होती : "मॅडम, वाचून झाले असल्यास घडी होती तशीच घालावी."

मी तशीच परत शेडखाली गेले आणि कागद टेबलावर आपटला. ते पहिल्यांदा हसले. "जो वाचत नाही तो वकील कायच्या कामाचा? आन वाचून सांगत नाही तो तर मुळीच नाही. तुमी आजपासून आमच्या वकील."

अशी मी वकील, म्हणजे पत्रं पोचवणारा दूत, होऊन त्यांच्या दरबारात शिरले. दरबार म्हणजे फोनवरच्या एका खेळातला संघ. जुन्या काळच्या राज्यांचा तो खेळ, हजारो लोक एकाच वेळी खेळणारे. प्रत्येक संघाला एक गड, थोडी फौज, धान्याची आणि दारूगोळ्याची कोठारं. भोवती बाकीचे संघ टपलेले. लॉकडाउनमध्ये तहसील बंद पडली तेव्हा सोमकुवरजींना तो सापडला. दुसऱ्या संघांत पोरंसोरं "भाई अटॅक मार" असं लिहीत. सोमकुवरजींना त्याची शिसारी होती. त्यांनी सौसर, पांढुर्णा, मोहगाव, बोरगाव अशी, स्वतःला धरून, अकरा माणसं एकेक पारखून जमवली. प्रत्येकाला एक भूमिका दिली. आणि नियम केला की आमच्या दरबारात कोणी खेळाडू म्हणून बोलणार नाही. किल्लेदार किल्लेदारासारखा लिहील, वकील वकिलासारखा. बाईमाणूस असो की बाप्या, भूमिकेत शिरलं की तीच भाषा. जे काही कळवायचं ते पत्राने. प्रत्येक पत्राची नक्कल ते दोनशे पानी रजिस्टरात करून ठेवायचे.

राजा होणं त्यांना सहज शक्य होतं, पण गादीवर त्यांनी बोरगावच्या एका निवृत्त मास्तरांना बसवलं आणि स्वतः चिटणीस झाले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "आमच्या बापजाद्यायनं पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याचे दरवाजे राखले मॅडम. लिवाले कोनी बसवलं नाही. आता मी कागद राखीन." दरबारात एका नव्या माणसाने पत्राच्या सुरुवातीला हौसेने "जोहार" लिहिलं, खालच्याने वरच्याला घालायचा तो जुना नमस्कार, तर त्याला त्यांनी दोन दिवस बाहेर ठेवलं. "आमच्या दरबारात कोनी कोनाले जोहार करत नाही. विषय लिवा आन खाली मजकूर." त्यामुळे आमच्या दरबारातली पत्रं "विषय : शत्रूच्या हालचालीबाबत" अशी सुरू होत आणि "उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की" अशी पुढे जात. इतिहासात असं कोणी लिहिलं असेल असं मला वाटत नाही, पण आम्हाला ते शोभायचं.

दुसरा नियम बोलीचा. दरबारात "येऊन राहिलो, जाऊन राहिलो" चालणार नाही. शुद्ध मराठी. "बाहेरचे संघ हसतात. देहाती समजतात," म्हणायचे. हे सांगताना ते स्वतः "समजून राहिले लोकं आपल्याले देहाती" असंच बोलत होते, पण ते तोंडी होतं. तोंडी बोलण्याला त्यांच्या लेखी किंमत नव्हती.

आणि तिसरा नियम, ज्याने पुढे घात केला : कोणालाही दुसऱ्याचं खातं दिसणार नाही. कोठारं फक्त कोठीवाल्याला दिसतील, फौज फक्त सेनापतीला, दरवाजे फक्त द्वारपालाला. चिटणीसांनासुद्धा नाही. खेळात तशी सोय होती आणि ती त्यांनी कडेकोट वापरली. "ज्याले सगळं दिसते तो सगळं विकू शकते," हे त्यांचं म्हणणं. "मी पन आलो त्यात."

संशय घ्यायचा तर त्यांनीच. एकदा दारूगोळ्याचं एक कोठार शत्रूने नेमकं जाळलं. सोमकुवरजींनी मग आम्हा दहाही जणांना वेगवेगळी खबर दिली. मला सांगितलं, उरलेला दारूगोळा तळ्यापाशी हलवलाय. दुसऱ्याला सांगितलं, टेकडीमागे. जिथे हल्ला होईल ती जागा ज्याला सांगितली तो फितूर. आठ दिवस आम्ही एकमेकांकडे अशा नजरेने पाहत होतो की बसस्टँडवर मोहगावचा सेनापती, जो एरवी औषधाचं दुकान चालवायचा, मला चहा विचारायलाही कचरला. नवव्या दिवशी हल्ला झाला तो गडाच्या पायथ्याशी, जी जागा त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती. ती एकट्या त्यांच्या डोक्यात होती. दोन दिवस ते रजिस्टर उलटसुलट चाळत बसले. मग मला म्हणाले, "मॅडम, आता शक घ्याले मीच राहिलो." आणि खरोखर आपला पासवर्ड बदलून आले.

या सगळ्यांत एकच माणूस होता ज्याच्यावर त्यांनी कधी शंका घेतली नाही, ती कुंदाबाई. अंगणवाडीच्या नोंदी फोनमध्ये भरून भरून तिचं बोट तयार झालेलं. घरात सासू, दीर, नवरा, सगळे तिच्यावर आवाज चढवणारे. गडाचे तिन्ही दरवाजे सोमकुवरजींनी तिच्या हाती दिले होते. ती मला एकदा म्हणाली होती, "घरी मले भाजीत मीठ किती टाकाचं तेबी विचारत नाहीत. आन इथं भाऊ म्हनते, कुंदाबाई, तुमच्या हुकमाबिगर चिमनी पन आत येनार नाही." हे सांगताना ती पोरांचं वजन करत होती, आणि काटा बघायचं विसरून माझ्याकडे बघत होती. ती त्यांना भाऊ म्हणायची. त्यांना बहीण नव्हती.

मग तो रविवार आला. दुपारी तीनच्या सुमारास शत्रूची फौज निघाल्याची खबर मीच आणली. खेळात गडाचा दरवाजा बंद व्हायला पाऊण तास लागतो. द्वारपालाला हुकूम सोडून मध्ये मध्ये पहारे वाढवावे लागतात. सोमकुवरजींनी कुंदाबाईला उत्तर दरवाजा लावण्याचा हुकूम धाडला. तिचं उत्तर आलं. त्या उत्तरावर त्यांनी सेनापतीला लिहिलं की उत्तर दरवाजा बंद आहे, सगळी फौज दक्षिणेला न्यावी. फौज गेली. आणि दहा मिनिटांत शत्रू अर्ध्या उघड्या उत्तर दरवाजातून आत शिरला. दोन वर्षं जपलेला गड चहा निवायच्या आत गेला.

मोहगावच्या सेनापतीने लिहिलं, "फितुरी." एकच शब्द. तो सगळ्यांच्या मनात होता.

मला वाटलं होतं सोमकुवरजी कुंदाबाईला फोन करतील, नाहीतर रामाकोन्याला जातील. पण सोमवारी शेडखाली त्यांनी रजिस्टर उघडून तिच्या पत्राखाली लाल रेघ ओढली आणि नोटीस लिहायला घेतली. मी म्हटलं, "अहो, विचारा तरी तिला."

"तोंडी चालनार नाही. तोंडी मानूस फिरते. कागदच बोलून राहिला ना, मॅडम!"

पत्र मला दाखवलं नाही. दुसऱ्याचं खातं. नोटीस मात्र माझ्याकडे दिली, मी वकील होते ना. "विषय : उत्तर दरवाजा बंद केल्याचा खोटा अहवाल दिल्याबाबत. आपणांस दरबारातून का काढून टाकण्यात येऊ नये, याचे कारण लेखी कळवावे." कुंदाबाईने ती अंगणवाडीच्या दारात उभ्यानेच वाचली. दोनदा वाचली. तिच्या मागे पोरं खिचडीच्या ताटल्या वाजवत होती.

"खोटा अहवाल? भाऊनं लिवलं हे?"

"लेखी उत्तर मागितलंय."

"मी खरं तेच लिवलं होतं. त्याईनं फौज घाईनं हलवली आन आता माह्या माथी मारून राहिले." तिने पेन घेऊन नोटिशीच्या खाली लिहिलं, "जे लिहिले तेच खरे." आणि कागद माझ्याकडे न देता माझ्या पिशवीत टाकला. मला तेव्हा काय वाटलं ते सांगायला लाज वाटते. मला वाटलं, बाई सराईत आहे. एवढं संशयाच्या हवेत वावरल्यावर मीही काही वेगळी उरले नव्हते.

त्या उत्तराची सोमकुवरजींनी रजिस्टरात नक्कल केली. मग तिचं नाव खोडलं. दरबारातून आणि फोनमधूनही.

खेळ इथे संपायला हवा होता, पण गावात तो संपत नाही. मोहगावच्या सेनापतीने कोणाला तरी सांगितलं, त्याने रामाकोन्याला सांगितलं. कोणता खेळ, कसला गड, हे वाटेत गळून पडलं आणि उरलं एवढंच की कुंदाबाईने विश्वासघात केला म्हणून तिला कशातून तरी काढलंय. दीर तिला फितूर म्हणून हाका मारायला लागला. जी एकीकडे दगा देते ती पोरांच्या आहारात काय करत असेल, असं विहिरीवर बायका बोलायला लागल्या. तिची नोकरी त्या आहारावरच उभी होती.

पाचेक महिन्यांनी मी शेडखाली गेले होते. पांढुर्णा वेगळा जिल्हा झाल्यावर माझे जुने कागद पुन्हा नव्या मथळ्याने लिहून घ्यायचे होते. दरबार अजून होता, पण त्यात जीव नव्हता; सोमकुवरजींनी उत्तर दरवाजावर कोणालाच नेमलं नव्हतं. माझ्या आधी रामाकोन्याचा एक माणूस बसला होता. धोतर, खांद्यावर दुपट्टा, आवाज पुढाऱ्याचा.

"लिवा साहेब. अंगनवाडीच्या बाईची तक्रार हाय."

सोमकुवरजींचा हात कागदावर आडवा गेला. "नाव?"

"कुंदा घागरे."

त्यांनी नाव लिहिलं. माणूस सांगत होता, ते उतरवत होते, नेहमीसारखं, मान खाली घालून.

"बाई टायमावर येऊन नाही राहिली."

लेखणीने लिहिलं : समय पर नहीं आ रही है।

"पोरायचा आहार बरोबर वाटून नाही राहिली."

आहार ठीक से बाँट नहीं र... आणि लेखणी थांबली. पस्तीस वर्षांत ती अशी मध्येच थांबलेली शेजारच्या टेबलांनी पाहिली नव्हती. तिन्ही अर्जनवीस वळून बघायला लागले. सोमकुवरजी आपण लिहिलेल्या ओळीकडे बघत होते. मग त्यांनी खालून पिशवी ओढली, पिशवीतून ते दोनशे पानी रजिस्टर काढलं आणि लाल रेघेचं पान उघडलं. या वेळी हात आडवा धरला नाही. मी वाकून वाचलं.

"विषय : उत्तर दरवाजाबाबत. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की सेवक उत्तर दरवाजा लावून राहिला आहे."

पुस्तकातल्या मराठीने वाचलं तर याचा अर्थ सरळ आहे : दरवाजा लावला, आणि सेवक तिथेच ठाण मांडून आहे. आणि आमच्या सौसर-पांढुर्ण्यात अंगणात खेळणाऱ्या पोराला विचारलं तरी ते सांगेल की लावून राहिला म्हणजे अजून लावतोय, थांबा जरा. कुंदाबाईने विषय लिहिला, उपरोक्त लिहिलं, सेवक लिहिलं, सगळे नियम पाळले. क्रियापद तेवढं घरचं राहून गेलं.

"लगा रहा है," सोमकुवरजी पुटपुटले. "लगा रहा है. दिवसातून पन्नास वेळा लिवतो मी हे." मग माझ्याकडे बघून, अगदी हळू, "मॅडम, मी हे मराठीत वाचलं हो. आपल्या भाषेत वाचाचं होतं."

रामाकोन्याचा माणूस म्हणाला, "साहेब, पुढं लिवा ना."

"कोन म्हनते बाई आहार वाटत नाही?"

"सगळेच म्हनून राहिले."

"तुमी पाह्यलं?"

"पाह्यलं नाही, पन तिले कशातून तरी काढलं ना बेइमानीसाठी..."

"मी काढलं," सोमकुवरजी म्हणाले. "मीच काढलं. बेइमानी मह्या वाचन्यात होती. जा, सांगा गावात. ज्यानं काढलं त्यानंच सांगतलं म्हना." त्यांचा आवाज इतका चढला होता की कचेरीचा शिपाई बाहेर आला. अर्ज त्यांनी फाडला नाही, कागद कधीच फाडत नसत. घडी घालून खिशात ठेवला आणि पेनाला टोपण लावलं. माझ्या अर्जासकट त्या दिवशीचं काम तिथेच संपलं.

मी म्हटलं, माफीचं पत्र लिहून द्या, मी पोचवते. त्यांनी खरंच कागद पुढे ओढला. "विषय" असं लिहिलं. त्यापुढे काय लिहावं ते त्या माणसाला सुचेना. जगाच्या कुठल्याही गाऱ्हाण्याला ज्याच्याकडे तयार विषय असायचा त्याला स्वतःचा सापडेना. शेवटी कागद तसाच ठेवून ते उठले. "तोंडीच जावं लागन," म्हणाले.

आम्ही बसने रामाकोन्याला गेलो. वाटभर ते खिडकीकडे तोंड करून बसले होते, पाठ सगळ्या बसकडे. हे पहिल्यांदाच पाहत होते मी. अंगणवाडी सुटायची वेळ झाली होती. आवाराला गंजलेलं लोखंडी फाटक, आत साखळी आणि तिला आडवी सळई. फाटकाच्या गजांतून हात घातला तर सळई सहज निघेल इतकी जवळ. पांढुर्ण्याची बस परत यायला पाचच मिनिटं होती, म्हणून मी रस्त्यावर थांबले आणि ते पुढे गेले. त्यांनी फाटक वाजवलं नाही. खाकरले.

कुंदाबाई व्हरांड्यात आली. तिने त्यांना पाहिलं आणि जागीच उभी राहिली. मला वाटलं ही आता आत निघून जाणार, आणि गेली असती तरी बरोबरच होतं. सोमकुवरजी काहीतरी बोलले, मला ऐकू आलं नाही. पण ते बोलता बोलता त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली हे दिसलं. ती ऐकत होती. मग पदराला हात पुसत पायऱ्या उतरली. साखळी गंजून बसली होती, तिला ती लवकर सुटेना.

एवढ्यात माझी बस आली. त्या महिन्याअखेर माझी बदली झाली, शेडखाली पुन्हा जाणं झालं नाही. तेव्हा सोमकुवरजींचं जे शेवटचं दर्शन मला झालं ते बसच्या मागच्या काचेतून. त्याच्या आधी, पायरीवर चढताना, कुंदाबाईचा आवाज मात्र स्पष्ट ऐकू आला.

"थांबा भाऊ, दरवाजा उघडून राहिली."

ते थांबले. सळईला हात लावला नाही, घाई केली नाही. टोपी छातीशी धरून, बंद फाटकासमोर ते नुसते उभे राहिले, ती म्हणाली आहे म्हणून.